गरगऱ्याची नोंद

खोटं बोलायलाही अंगात पाणी असावं लागतं. पंपवाल्याच्या अंगात ते नव्हतं. म्हणून तर शनिवारी दुपारी अडीचला सांडपाणी केंद्राच्या फाटकापाशी बस थांबली आणि तिच्यातून तीस-चाळीस माणसांऐवजी एकट्या नोंदताई उतरल्या, तेव्हा फाटक उघडायचं सोडून तो कडी धरून उभाच राहिला.

नोंदताई म्हणजे पक्षी मंडळाच्या नोंदवहीच्या मालकीण. वय अडुसष्ट, पाठ ताठ, डोक्याला कानटोपी, गळ्यात दुर्बीण, खांद्यावर तिकाटणं आणि त्यावर बसवायची लांब नळीची मोठी दुर्बीण. मंडळातलं कोणीही "मला अमका दुर्मीळ पक्षी दिसला" म्हणालं की त्या पाच प्रश्न विचारायच्या. पाचही उत्तरं पटली तर पक्षी वहीत, नाहीतर लाल रेघ. ती रेघ ओढताना त्यांचा हात कधी अडखळला नव्हता. सख्ख्या नवऱ्याने पाहिलेला पक्षी खोडला होता म्हणे त्यांनी! मंडळातली भलीभली माणसं त्यांच्यासमोर चिमणीचं नावसुद्धा दोनदा विचार करून घ्यायची.

आणि ही बाई, जो पक्षी आलाच नव्हता, तो बघायला आली होती. घ्या!

पक्षी कुठला, ते आधी सांगायला हवं. पुस्तकात त्याचं नाव लांबलचक आहे. मंडळात त्याला गरगऱ्या म्हणायचे, कारण तो पाण्यावर बसला की स्वतःभोवती भोवऱ्यासारखा गरगर फिरतो आणि फिरता फिरता वर आलेले किडे टिपतो. मुठीएवढा जीव. पार उत्तरेकडून येतो, हिवाळा समुद्रावर काढतो, आणि क्वचित एखादा वाट चुकून आतल्या गोड्या पाण्यावर उतरतो. मागच्या हिवाळ्यात असाच एक या केंद्राच्या तिसऱ्या तळ्यात उतरला होता. अख्ख्या शहराची घाण जिथे येते तिथे! माणसांसारखं नाक मुरडायची सवय पक्ष्यांना नसते, हे एक बरं असतं.

तो अकरा दिवस राहिला आणि त्या अकरा दिवसांत सदतीस माणसं येऊन गेली. एक डॉक्टर आला, बँकेतली एक बाई आली, कॉलेजातल्या पोरी आल्या. एरवी या फाटकाशी यायचं कोण? गाळ न्यायला टँकर, आणि महिन्यातून एकदा पाण्याचे नमुने न्यायला प्रयोगशाळेचा माणूस, तोही नाकाला रुमाल लावून. ही माणसं मात्र चक्क पंपघरात बसून चहा प्यायली. कप पुरेनात तेव्हा डॉक्टर डब्याच्या झाकणातून प्यायला, आणि जाताना पंपवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाऊ, तुमच्यामुळे दिसला हो!" ते एक वाक्य पंपवाल्याने वर्षभर पुरवून पुरवून वापरलं.

घरी त्याचं कोणी नव्हतं असं नाही. म्हणजे नव्हतंच, पण रडावं असंही काही झालेलं नव्हतं. बायको मुलीकडे गेली होती, नातवाला सांभाळायला. दीड महिन्याने येते म्हणून गेली त्याला तीन वर्षं झाली. नातवामागून नात झाली, मुलीची नोकरी, जावयाची फिरती, बायको तिकडे गुंतली ती गुंतलीच. भांडण नाही, तंटा नाही. दर रविवारी फोन यायचा, दोन वाक्यं व्हायची, मग नातू फोन ओढून बंद करायचा. कामावर पूर्वी एका पाळीत तिघं असायचे. कॉम्प्युटर बसला तसा एकच उरला. दुपारी बारा ते रात्री आठ, चार तळी, सहा पंप, पाण्यात हवा सोडणारे दोन ब्लोअर आणि हा. भिंतीशी बोलावं म्हटलं, तर ब्लोअरच्या आवाजात भिंतीलाही ऐकू जायचं नाही.

मागच्या वर्षी मंडळाने त्याला फोनवरच्या ग्रुपात घेतलं होतं. सुरुवातीला त्याने हौसेने तळ्यातल्या बदकांचे फोटो टाकले. एकाला एक अंगठा आला, दुसऱ्याला तोही आला नाही. मग त्याने टाकणं सोडलं आणि नुसता वाचत बसायचा, लग्नघरात कोपऱ्यात बसलेल्या लांबच्या काकासारखा.

यंदा थंडी पडली तसा तो वाट बघायला लागला. दोन डझन कप आणून ठेवले. रोज पाळीवर आला की आधी तिसरं तळं. बदकं होती, लाल पायांच्या शेकाट्या होत्या, काठावर धोबी पक्षी शेपट्या हलवत होते, गरगऱ्या नव्हता. मंगळवारी मागच्या वर्षीची बरोब्बर तीच तारीख उजाडली. दुपारी तो डबा उघडून बसला, एका हातात घास, दुसऱ्या हातात फोन. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. "मागच्या वर्षीचाच पाहुणा परत आला हो! तिसऱ्या तळ्यात गरगर चालू आहे. पाठीवर त्याच सोनेरी रेघा." आणि घास गिळायच्या आत पाठवून मोकळा झाला.

एकोणीस उत्तरं आली! फोन ठेवावा तर पुन्हा टिंग. "वा भाऊ!" "शनिवारी सगळे येतोय, चहा ठेवा!" डॉक्टरने तर हात जोडल्याची तीन चित्रं पाठवली. पंपवाल्याला इतकं गोड वाटलं, इतकं गोड वाटलं, की आपण पाप केलंय हे त्याच्या लक्षात यायला बुधवार उजाडला.

आणि शुक्रवारी माशी शिंकली. चार तासांवरच्या मोठ्या तलावावर कोणाला तरी समुद्री गरुड दिसला. झालं! सगळी वरात तिकडे वळली. गरगऱ्या काय, मागच्या वर्षी बघितलाच आहे की. त्याच क्षणी पंपवाल्याने "उडून गेला" एवढे दोन शब्द लिहिले असते तर सुटला असता. दोनदा बोट तिथवर गेलंही. पण तसं लिहिलं की मग कोणीच येणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. एखादा तरी येईल, असं म्हणून तो गप्प बसला. तर एखादा म्हणून आल्या त्या या.

"पंपवाले ना तुम्ही?" नोंदताईंनी विचारलं.

"हो ताई. या ना, या. चहा टाकतो आधी."

"चहा नंतर. आधी पक्षी."

त्याने त्यांना दुसऱ्या आणि तिसऱ्या तळ्यामधल्या बांधावर नेलं. नोंदताईंनी तिकाटणं रोवलं, डोळा लावला आणि पाण्याचा वीतवीत भाग तपासायला सुरुवात केली. पंपवालाही शेजारी उभा राहून शोधायला लागला. आणि गंमत म्हणजे, अगदी मनापासून शोधायला लागला. देवा, एक पाठव. मुठीएवढाच मागतोय. पुन्हा जन्मात खोटं बोलणार नाही. देवाने तीन बदकं पाठवली.

पंधरा मिनिटांनी नोंदताईंनी वही काढली. "पाच प्रश्न असतात माझे. माहीत आहेत ना?"

"ऐकून आहे."

कधी दिसला? मंगळवारी, दीडच्या सुमाराला. किती वेळ? असेल पाव तास. किती लांबून? इथूनच, या बांधावरून. हे सगळं त्याने रात्रीच घोकून ठेवलं होतं.

"आणखी कोणी पाहिला?"

"आणखी कोण असतं इथे ताई? मीच."

नोंदताईंनी वहीतून डोळे वर करून त्याच्याकडे पाहिलं. "वर्णन?"

"पांढरं पोट, डोळ्यामागे काळा पट्टा, आणि पाठीवर सोनेरी रेघा. मागच्या वर्षी होत्या तशाच."

"तशाच?"

"हुबेहूब. डोळ्यांसमोर आहेत माझ्या."

हे शेवटचं काही खोटं नव्हतं. वर्षभर त्या रेघा त्याच्या डोळ्यांसमोरच होत्या. नोंदताईंचं पेन क्षणभर थांबलं, मग त्यांनी लिहून घेतलं आणि वही मिटली. "थांबू या तर मग," त्या म्हणाल्या आणि पिशवीतून घडीचं स्टूल काढून बसल्या.

चोराच्या मनात चांदणं असतं. नोंदताईंनी नुसतं खाकरलं तरी पंपवाला दचकायचा. आणि घाबरलेला माणूस गप्प बसेल तर शपथ. सकाळी असतो तो, वारा सुटला की पलीकडे जातो, काल टँकर आला होता ना, त्याने बुजला असणार, परवा घार फिरत होती, असं त्याचं जे सुरू झालं ते थांबेचना. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, तर निदान भांडं वाजू तरी देऊ नये.

"पंपवाले," नोंदताई पाण्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "पक्षी गप्प बसणाऱ्याला दिसतो."

तो गप्प बसला. मग तासभर दोघंही पाण्यावर नजर लावून होते. थंडीतलं ऊन पाठीला लागत होतं, ब्लोअर घुमत होते, शेकाट्या चिखलात टाचा उचलून चालल्यासारख्या चालत होत्या. किती दिवसांनी, नव्हे किती महिन्यांनी, त्याच्या शेजारी कोणीतरी नुसतं बसलं होतं. पकडले जायची भीती होती तरी त्याला मधूनच बरं वाटत होतं, आणि बरं वाटलं की लगेच लाज वाटत होती.

चार वाजता तो उठला. "रीडिंग घ्यायचंय ताई. आलोच."

"मीही येते. पाय मोकळे होतील."

टाकीच्या कठड्याशी त्याने लांब दांड्याचं भांडं बुडवून तपकिरी पाणी काढलं आणि काचेच्या नळकांड्यात ओतलं. नोंदताईंनी नाकाला रुमाल लावला नाही. उलट वाकून विचारलं, "हे काय आहे?"

हा प्रश्न त्याला एकतीस वर्षांत कोणी विचारला नव्हता. बायकोनेही नाही. तिची बहीण तर तो आला की खिडकी उघडायची.

"ही घाण नाही ताई," तो म्हणाला, आणि मग बांध फुटला. "हे जिवंत आहे. यात बारीक बारीक जीव असतात, ते घाण खातात. आपल्याला फक्त त्यांना हवा पुरवायची. ते ब्लोअर त्यासाठीच. अर्धा तास थांबलं की हे बघा, खाली गाळ बसतो, वर पाणी स्वच्छ. गाळ नीट बसला म्हणजे जीव खूश. रुसले की गाळ वर तरंगतो, फेस धरतो. मग बघायचं कशावर रुसलेत. फेसाचा रंग बघून सांगतो मी. पांढरा असला तर पोरकट फेस, काळजी नाही. तपकिरी असला की समजायचं दुखणं जुनं आहे."

"कॉम्प्युटर सांगत नाही?"

"सांगतो. माझ्यानंतर दोन तासांनी."

नोंदताई हसल्या. त्या हसतात हे मंडळात कोणी सांगितलं असतं तर त्याचीही नोंद खोडली गेली असती.

पंपघरात त्याने चहा केला. नोंदताईंनी फळीवर ओळीने मांडलेले नवेकोरे कप पाहिले. "एवढे कप?"

"असावेत घरात."

"हे घर नाही," त्या म्हणाल्या. त्याने चहा गाळला. नोंदताईंनी आपला डबा उघडला. दोन उकडलेली अंडी होती. एक त्यांनी त्याच्यापुढे सरकवलं. "घ्या. मी एकच खाते. उकडते मात्र दोन. हात ऐकत नाही."

"तुमचे साहेबही पक्षी बघायचे?"

"बघायचा," त्या म्हणाल्या आणि डब्याचं झाकण लावलं.

साडेपाचला ते पुन्हा बांधावर होते. सूर्य पार खाली आला होता, तिसऱ्या तळ्याचं अर्धं पाणी तांबूस आणि अर्धं काळं दिसत होतं. सव्वासहाची बस होती. अजून थोडा वेळ, की सुटलो, असं पंपवाला मनात म्हणत होता, आणि त्याच मनात, ही बस आज चुकली तर किती बरं होईल, असंही त्याला वाटत होतं.

"पंपवाले!" नोंदताई एकदम म्हणाल्या. "त्या कोपऱ्यात, पाइपाच्या तोंडाशी. काहीतरी फिरतंय."

त्याने दुर्बिणीला डोळा लावला. होतं! पाइपातून पाणी पडतं तिथल्या भोवऱ्यात मुठीएवढं पांढुरकं काहीतरी गरगर, गरगर फिरत होतं. एका बाजूला काळसर डागही होता. आलास, तो मनात म्हणाला, आलास रे बाबा, लाज राखलीस! आणि दुसऱ्याच श्वासाला त्याला कळलं. फेस होता तो. पोरकट, पांढरा फेस. त्यात बदकाचं एक पीस अडकलं होतं.

"काय दिसतंय?" नोंदताईंनी वही उघडली होती, पेनाचं टोपण काढलं होतं. "मला या उजेडात आता नीट दिसत नाही. मोतीबिंदू झालाय दोन्ही डोळ्यांत, मंडळात बोलले नाही कोणाला. तुम्ही सांगाल तसं लिहिते."

आता बघा. ताट वाढून समोर आलं होतं, नुसता हात घालायचा अवकाश. एक "हो" म्हणायचं. नोंदताईंच्या वहीत गेलेला पक्षी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. उद्या रविवार. गरुड बघून परत आलेली सगळी फौज इकडे वळेल, डॉक्टर येईल, फळीवरचे कप खाली येतील. आणि मग? ती माणसं दुर्बिणी लावतील, फेस बघतील आणि हसतील. कोणाला हसतील? त्याला नाही. पंपवाल्याला काय कळतं, म्हणून सोडून देतील. नोंदताईंना हसतील. नवऱ्याचा पक्षी खोडणाऱ्या बाईने साबणाचा फेस लिहून ठेवला, म्हणून वर्षानुवर्षं हसतील. त्याने वळून पाहिलं. त्या पेन धरून उभ्या होत्या, थंडीने नाकाचा शेंडा लाल झाला होता, आणि त्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्याचं सांगणं लिहून घ्यायला कोणीतरी थांबलं होतं. तेच तर त्याला हवं होतं, आणि त्याच्यानेच ते घेववेना.

"फेस आहे ताई."

"नक्की?"

"एकतीस वर्षं फेसच बघतोय." मग त्याची जीभ थांबली नाही. "आणि मंगळवारी फेसही नव्हता. काहीच नव्हतं. मी खोटं लिहिलं."

नोंदताईंनी पेनाला टोपण लावलं. "माहीत आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"त्या सोनेरी रेघा लहानपणाच्या असतात, पंपवाले. पहिल्या हिवाळ्यात दिसतात, मग झडतात. मागच्या वर्षीचं पिल्लू यंदा पिल्लू राहत नाही. तोच पक्षी आणि त्याच रेघा, हे व्हायचंच नाही. मंगळवारी वाचलं तेव्हाच कळलं मला."

पंपवाल्याला शरम वाटायला हवी होती. वाटलीही, पण आधी राग आला. "मग मंगळवारीच खोडायचं होतं! दुपारपासून माझा जीव टांगून ठेवलात तो कशाला? आलात तरी कशाला?"

"विचारल्याशिवाय मी खोडत नाही," नोंदताई म्हणाल्या. मग जरा थांबून, "आणि मला कळेना, तुम्ही खोटं बोललात कशासाठी? लोक नावासाठी बोलतात. फोटोसाठी बोलतात. तुम्हाला काय मिळणार होतं?"

"कोणीतरी आलं असतं."

"मग नुसतं 'या' म्हणायचं. पक्षी कशाला हवा होता?"

"पक्षी नसताना कोण येतं ताई? इथे? या वासात?"

नोंदताईंनी तिकाटणं आवरायला घेतलं. त्याने स्टूल उचललं. दोघं फाटकापर्यंत आले.

बस यायची होती. फाटकाजवळच्या दिव्याखाली नोंदताईंनी वही उघडली, मंगळवारची ओळ शोधली आणि त्याच्या देखत तिच्यावर लाल रेघ मारली. सरळ, पट्टी न लावता.

"साहेबांचा पक्षीही असाच खोडलात?" त्याने विचारलं. विचारून झाल्यावर त्याने जीभ चावली, पण शब्द गेले ते गेले.

"असाच," त्या म्हणाल्या. "ससाणा दिसला म्हणाला, गच्चीवरून. धावत खाली आला होता सांगायला, पायात चप्पलही नव्हती. मी वही काढली. तिसऱ्या प्रश्नाला अडखळला. खोडला मी. त्यानंतर तो मला काही सांगायला कधी धावत आला नाही. गच्चीवर उभा असायचा तासन्‌तास. मी विचारायची, काय दिसलं? म्हणायचा, काही नाही. नऊ वर्षं 'काही नाही'. मग गेला."

"आता असते तर नसता खोडलात."

"खोडला असता! ससाणा नव्हताच तो, घार होती." त्या एकदम तडकून म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "पण आधी बस म्हटलं असतं. पाणी दिलं असतं. सगळं ऐकून घेतलं असतं. मग खोडला असता."

लांबून बसचे दिवे दिसले.

"मघाशी मी हो म्हटलं असतं, तर लिहिला असता तुम्ही?"

"ते मला विचारू नका," नोंदताई म्हणाल्या आणि बसमध्ये चढल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. बस वळणाआड जाईपर्यंत पंपवाला तिथेच उभा होता, हातात त्यांचं स्टूल राहिलंय हेही न कळता.

साडेसहाला ग्रुपात त्यांचा निरोप आला. "गरगऱ्या. शनिवार, दुपारी अडीच ते सहा. दिसला नाही. मंगळवारची नोंद चुकीची होती, रद्द." खोटी म्हटलं नव्हतं, चुकीची म्हटलं होतं. पंपवाला फोन पुढ्यात ठेवून बसला. आता सुरू होईल. कोणीतरी विचारेल, काय हो भाऊ, हे काय? कोणी हसेल. डॉक्टर काहीतरी लागेलसं लिहील. त्याने मनात उत्तरही तयार केलं होतं, माफी मागणारं, चार ओळींचं.

टिंग. गरुडाचा फोटो. टिंग. तोच गरुड, दुसऱ्या बाजूने. मग वाह, मग अंगठे, मग येताना जेवायला कुठे थांबायचं याची चर्चा. चाळीस निरोप आले. गरगऱ्याबद्दल, पंपवाल्याबद्दल, नोंदताई एकट्या तिथे दुपारभर बसल्या त्याबद्दल एक अक्षर नाही. ज्या बेअब्रूच्या धसक्याने तो तीन रात्री तळमळला होता, ती करायलासुद्धा कोणाला सवड नव्हती.

"अरे, शिव्या तरी द्या!" तो मोठ्याने म्हणाला. ब्लोअर घुमत राहिले. तो टेबलावर डोकं टेकून बसला, आणि सत्तावन्न वर्षांचा तो माणूस, कोणी बघत नाही म्हणून, थोडा रडला.

सातनंतर फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"पोचले," पलीकडून आवाज आला.

"कोण?"

"मी. वहीवाली. घरी पोचले."

"बरं झालं ताई." त्याची नजर कोपऱ्यातल्या स्टुलावर गेली. "तुमचं स्टूल राहिलं इथे."

"राहू दे. मध्ये बस बदलावी लागली. जिन्यातला दिवा गेलाय, चाचपडत आले." त्या थांबल्या. "तसं काही काम नव्हतं. पोचलं की कोणाला तरी सांगायचं असतं, म्हणून सांगितलं."

ठेवते म्हणायचं ते त्या म्हणेनात. पंपवाल्याने फोन घट्ट धरला. मंगळवारी ते दोन ओळींचं खोटं लिहिताना त्याला एवढी भीती वाटली नव्हती.

"ताई, पुढच्या शनिवारी इथे काही नसणार आहे," तो म्हणाला. "पक्षी नाही, काही नाही. नुसता मी असेन. याल?"

"पक्षी नसताना मला कोणी बोलावलं नव्हतं अजून," नोंदताई म्हणाल्या. त्यांचा आवाज ओला झाला होता, आणि तो लपवायचा त्यांनी प्रयत्न केला नाही. "येईन."